ड्राय डॉकमध्ये न नेता जहाजाचा तळ कसा तपासतात

बंदरात उभं असलेलं मोठं जहाज आपण बघतो तेव्हा खरं तर त्याचा वरचाच भाग बघत असतो. खाली पाण्यात आणखी दहा-पंधरा मीटर पोलाद असतं, मागे सुकाणूचं पातं म्हणजे रडर आणि जहाज ढकलणारा पंखा म्हणजे प्रोपेलर असतो, इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणारी जाळीदार तोंडं असतात, आणि हे सगळं वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात बुडालेलं. ते शाबूत आहे की नाही हे ठराविक काळाने कुणीतरी बघायलाच लागतं. त्याचा सरळ रस्ता म्हणजे ड्राय डॉक, जहाज आत घ्यायचं, दरवाजा लावायचा, पाणी उपसून टाकायचं, जहाज ठोकळ्यांवर बसलं की खाली उतरून चालत चालत बघायचं. दुसरा रस्ता म्हणजे जहाज तरंगतंच ठेवायचं आणि तपासणीच पाण्याखाली न्यायची. हा दुसरा रस्ता नेमका कसा चालतो ते आज सांगते. मी बडोद्याची, कलाभवनात मेटलर्जी शिकले, आधी रिफायनरीतल्या टाक्यांची आणि पाइपांची जाडी मोजायचं काम केलं आणि आता तेच काम जहाजांच्या पत्र्यावर करते, त्यामुळे नात्यागोत्यात, मंडळाच्या गणपतीत, कुठेही गेलं तरी हा विषय निघतोच.

आधी नियम, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. जहाजांच्या सुरक्षिततेचा सोलास नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात मालवाहू जहाजाचा तळ ५ वर्षांत कमीत कमी दोनदा बाहेरून तपासलाच पाहिजे आणि दोन तपासण्यांमध्ये ३६ महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, असं लिहिलंय. प्रवासी जहाजांचा तळ तर दर वर्षी बघायचा असतो. ही तपासणी करून शिक्का मारतात त्या क्लास सोसायट्या, आपली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग १९७५ ची, लंडनची लॉइड्स रजिस्टर १७६० ची, शिवाय एबीएस, डीएनव्ही वगैरे. त्यांचा सर्व्हेअर सही करतो तेव्हाच विमा चालू राहतो आणि जहाज धंदा करू शकतं. तर साधारण मालवाहू जहाजाच्या बाबतीत या दोनातली मधली तपासणी पाण्याखाली करायला क्लास परवानगी देतं, आणि पाच वर्षांनी येणारी मोठी तपासणी ड्राय डॉकमध्येच. काही नव्या जहाजांना, जी सुरुवातीपासून त्या हिशोबाने बांधलीत आणि रंगवलीत, त्यांना दोन ड्राय डॉकमधलं अंतर साडेसात वर्षांपर्यंत वाढवूनही मिळतं, पण मधल्या काळात पाण्याखालच्या तपासण्या चुकवता येत नाहीत.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, सरळ डॉकमध्ये न्या की. तर डॉक पाहिजे तेव्हा आणि पाहिजे तिथे रिकामा नसतो. मोठ्या जहाजाला मोठा डॉक लागतो आणि तसे डॉक मोजकेच. कोचीन शिपयार्डचा नवा डॉक २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला, ३१० मीटर लांब, त्याआधी आपल्याकडची कितीतरी मोठी जहाजं दुबई नाहीतर सिंगापूरकडे जायची. जायचं, रांगेत थांबायचं, काम करायचं, परत यायचं, आणि तितके दिवस जहाजाचं भाडं बुडतं, जे दिवसाला कित्येक हजार डॉलर असतं. त्यात गॅसचं जहाज असेल तर विचारूच नका. आपल्याकडे दहेजला २००४ पासून एलएनजी, म्हणजे द्रव केलेला नैसर्गिक वायू, उतरतो, तो उणे १६२ अंशांवर द्रवरूपात येतो. असं जहाज डॉकमध्ये न्यायचं तर आधी त्याच्या टाक्या हळूहळू गरम करायच्या, मग आतला गॅस काढून इनर्ट गॅस, म्हणजे पेट न घेणारा वायू, भरायचा, मग हवा खेळवायची, तेव्हा कुठे माणूस आत जाऊ शकतो, आणि काम झालं की हीच सगळी गंमत उलटी, पुन्हा गॅस, पुन्हा थंड करणं. बडोद्यात ज्यांनी कुठल्याही प्लांटचा शटडाउन जवळून पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि काही जहाजं तर हलूच शकत नाहीत. समुद्रात तेलाच्या विहिरीवर नांगरून ठेवलेली एफपीएसओ नावाची जहाजं असतात, म्हणजे तेल काढायचं, वेगळं करायचं, साठवायचं सगळं त्याच्यावरच, आपल्या पूर्व किनाऱ्यावर कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यातही ती आहेत. ती जागेवरून काढली म्हणजे पूर्ण उत्पादन बंद. तशीच तेल खोदणाऱ्या रिगची गोष्ट. यांच्यासाठी पाण्याखालची तपासणी हा रोजच्या व्यवहाराचाच भाग आहे, म्हणून या कामातलं बरंचसं तंत्र तेलाच्या धंद्यातून आलंय असं मला वाटतं.

ड्राय डॉकला कमी लेखायचं नाहीये हां मला. मुंबईचा पहिला ड्राय डॉक १७५० मध्ये लवजी नसरवानजी वाडियांनी बांधला, ते मूळचे सुरतेचे, म्हणजे आपल्या शेजारचेच, आणि त्याच मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये बांधलेलं ट्रिंकोमाली नावाचं सागवानी लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यात उभं आहे. तळ बघितल्याशिवाय, दुरुस्त केल्याशिवाय जहाज टिकत नाही हे त्या लोकांना पुरेपूर माहीत होतं.

मुद्दा असा की पाण्याखालची तपासणी ही सवलत नाही. उलट अटी जास्त आहेत. जहाज कोणतं आहे, किती वर्षांचं आहे हे आधी बघतात. तेलाचे टँकर आणि बल्क कॅरियर, म्हणजे धान्य-कोळसा सुटा नेणारी जहाजं, १५ वर्षांच्या वर गेले की त्यांच्या मधल्या तपासणीलाही ड्राय डॉकच लागतो, तिथे पाण्याखालचं चालत नाही. मागच्या वेळी तळाला मार लागलेला असेल, रडरचं काहीतरी दुखणं बाकी असेल, तरी नाही. आणि ज्या जहाजाला ही परवानगी पाहिजे त्याची तयारी बांधतानाच करावी लागते. डायव्हर आपण कुठे आहोत हे ओळखू शकेल म्हणून तळाच्या पत्र्यावर खुणा असतात, फ्रेमचे नंबर, आतल्या टाक्यांच्या भिंती बाहेरून कुठे येतात त्याच्या रेघा. पाणी आत घेणाऱ्या तोंडांच्या जाळ्या बिजागरीवर उघडतील अशा ठेवतात म्हणजे डायव्हर त्या उघडून आत टॉर्च मारू शकतो. रडरच्या बेअरिंगमधली फट मोजायला छोटी झाकणं ठेवलेली असतात. प्रोपेलरचा शाफ्ट किती खाली बसलाय ते मोजायला एक प्लग असतो, तो काढून आत गेज घालता येतो. या गोष्टी नसतील तर कितीही चांगला डायव्हर आणा, अर्धी तपासणी अंदाजावर जाईल आणि अंदाजावर सर्व्हेअर सही करत नाही.

त्या खुणांचं महत्त्व समजायला जरा तो तळ डोळ्यासमोर आणा. मोठ्या टँकरचा तळ साधारण ३३० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद असतो, सपाट, एकाच रंगाचा. डायव्हर त्याच्या खाली पाठीवर वळून वर बघतोय, उजेड फक्त डोक्यावरच्या दिव्याचा, कडा कुठेच दिसत नाही, वर-खाली डावं-उजवं सगळं सारखंच. तिथे पत्र्यावर एक नंबर दिसला की जीव भांड्यात पडतो. म्हणून डायव्हर तळाखाली असाच भटकत नाही, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत दोर ताणलेला असतो, त्याला धरून एक पट्टा पूर्ण करायचा, मग दोर पुढे सरकवायचा, मग पुढचा पट्टा.

जागा निवडणं हे अर्धं काम आहे. पाणी शांत पाहिजे, प्रवाह कमी पाहिजे, तळाखाली डायव्हरला पुरेशी जागा पाहिजे, जहाज शक्य तितकं हलकं करून वर उचललेलं पाहिजे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी स्वच्छ पाहिजे. इथे आपल्या खंभातच्या आखाताचा प्रश्न येतो. दहेज बडोद्यापासून जवळ, सगळी जहाजं तिथे येतात, मग तपासणी तिथेच का नाही करत, असं लोक विचारतात. तर त्या आखातात भावनगरकडे भरती आणि ओहोटीतला फरक १० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तीन मजले पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि उतरतं, अलंगला जहाजं तोडायचा धंदा याच भरतीवर उभा आहे, भरतीला जहाज किनाऱ्यावर चढवायचं. एवढं पाणी आत-बाहेर धावताना प्रवाह किती असेल बघा. शिवाय नर्मदा, मही, साबरमती, तापी सगळ्या तिथेच गाळ ओततात, आपली विश्वामित्रीसुद्धा ढाढरमधून तिथेच पोचते. पाण्यात हात पुढे केला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. म्हणून ही कामं जिथे पाणी निवळ आहे आणि जहाजांना थांबायला जागा आहे तिथे करतात, फुजैराच्या नांगरवाड्यात, सिंगापूरला, जिब्राल्टरला, जहाज तिथे इंधन भरायला थांबतंच तेव्हा तेवढ्यात हेही उरकून घेतात.

गढूळ पाण्यातच बघायची वेळ आली तर एक साधा उपाय आहे जो मला फार आवडतो. कॅमेऱ्याच्या पुढे स्वच्छ पाण्याने भरलेली पारदर्शक पेटी लावायची आणि ती पत्र्याला टेकवायची, म्हणजे कॅमेरा आणि पत्रा यांच्यामध्ये गढूळ पाणी राहतच नाही. एका वेळी वीतभर जागा दिसते, पण स्वच्छ दिसते. धरणांच्या दरवाज्यांसाठीही हीच युक्ती वापरतात. अख्खा तळ असा बघणं शक्य नाही पण एखाद्या वेल्डवर संशय असेल तर तेवढं भागतं.

आता मूळ प्रश्न. माझे एक काका आहेत, मावशीचे यजमान, अख्खी नोकरी रिफायनरीत इन्स्पेक्शनमध्ये गेलेली, त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते सगळं ठीक आहे गं, पण सही करणारा माणूस वर खुर्चीत बसलेला आणि बघणारा खाली पाण्यात, मग त्याने न बघताच बघितलं म्हणून सांगितलं तर?" मी म्हटलं, काका, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. या कामाची सगळी रचना याच एका प्रश्नाभोवती आहे.

म्हणून पहिली गोष्ट, कुठलीही डायव्हिंग कंपनी आणून चालत नाही, क्लासने तपासून मंजूर केलेलीच पाहिजे, तिची माणसं, उपकरणं, रिपोर्ट लिहायची पद्धत सगळं बघितलेलं असतं. दुसरी, डायव्हरच्या हेल्मेटवर कॅमेरा असतो आणि त्याचं चित्र त्याच क्षणी वर स्क्रीनवर येतं, सगळं रेकॉर्ड होतं. तिसरी, सर्व्हेअर आणि डायव्हर यांच्यात दोन्ही बाजूंनी बोलणं चालू राहिलं पाहिजे. म्हणजे काय बघायचं, कुठे थांबायचं हे खाली असलेला माणूस ठरवत नाही, वरचा सर्व्हेअर ठरवतो.

प्रत्यक्षात ते असं चालतं. डेकवर नाहीतर बाजूच्या बोटीत एक कंटेनर, आत दोन स्क्रीन, एसी असतो पण दार उघडं म्हणून उकाडा तसाच, स्पीकरमधून डायव्हरच्या श्वासाचा आवाज येतोय, एकसारखा, फुस्स, खळखळ, फुस्स. डायव्हिंग सुपरवायझर माइकवर आहे, सर्व्हेअर त्याच्या शेजारी, हातात जहाजाचा शेल एक्स्पान्शन ड्रॉइंग, ज्यात पूर्ण तळाचा पत्रा कागदावर उलगडून काढलेला असतो. स्क्रीनवर लालसर पत्रा सरकतोय, मग एक पांढरा नंबर येतो. डायव्हर नंबर वाचून सांगतो, सर्व्हेअर ड्रॉइंगवर बोट ठेवतो. मग पुढे एका जोडावर तपकिरी डाग दिसतो. सर्व्हेअर म्हणतो थांबव. सुपरवायझर माइकवर, "रुको. थोडा पीछे. हां, वही. ब्रश मारो." (आमच्याकडचे डायव्हर केरळचे, बंगालचे, कोकणातले, खाली-वर बोलणं हिंदीतच होतं.) ब्रश फिरतो, गढूळ ढग उठतो, सगळे गप्प बसून तो ढग विरायची वाट बघतात, आणि मग दिसतं की रंगाला खरचटलंय, खाली वेल्ड साबूत आहे. पण नुसतं दिसून भागत नाही, डायव्हर खिशातून पट्टी काढून त्या डागाशेजारी धरतो म्हणजे फोटोत लांबी येते. फ्रेम नंबर, बाजू, वेळ, फोटो नंबर लिहून झाला की "ओके, आगे बढ़ो." असं तासन् तास. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते जरा शांत झाले.

काय काय बघतात? पत्रा कुठे आत दबलाय का, वेल्डमध्ये भेग आहे का, कडेला असलेल्या बिल्ज कीलची, म्हणजे जहाज कमी डोलावं म्हणून लावलेल्या लांब पट्ट्यांची, टोकं सुटलीत का, हे तर आहेच. जाळ्यांमध्ये शिंपले अडकून पाण्याची वाट बुजलीय का. प्रोपेलरच्या पात्यांच्या कडा वाकल्यात का, कॅव्हिटेशनने, म्हणजे पाण्यातले बुडबुडे फुटून, खड्डे पडलेत का. शाफ्टच्या सीलमधून तेलाचा बारीक धागा वर जातोय का, हे बघायला डायव्हर तिथे काही मिनिटं नुसता स्थिर थांबतो कारण हललं की तो धागा मोडतो. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन शाफ्टला गुंडाळला गेला असेल तर तो सील कापतो, हे फार वेळा सापडतं.

मग अॅनोड. जहाजाच्या तळाला जस्ताच्या किंवा अॅल्युमिनियमच्या विटा लावलेल्या असतात, पोलादाच्या ऐवजी त्या झिजतात आणि पोलाद वाचतं. डायव्हर त्या किती उरल्यात ते बघतो आणि एका प्रोबने पत्र्याचं व्होल्टेज घेतो, सिल्व्हर क्लोराइडच्या इलेक्ट्रोडशी तुलना करून ते उणे ०.८० व्होल्ट किंवा त्याहून आणखी उणे आलं तर पोलादाचं संरक्षण चाललंय असं धरतात, पण उणे १.१० च्या पलीकडे गेलं तर जास्त झालं, रंग सुटायला लागतो. ही युक्ती हम्फ्री डेव्हीची, १८२४ ची. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांना तेव्हा तांब्याचा पत्रा मारत, तो गंजायचा, डेव्हीने त्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले आणि तांबं गंजणं थांबलं. पण मग त्यावर शिंपले आणि शेवाळ जोरात वाढायला लागलं. कारण तांबं जे हळूहळू पाण्यात विरघळत होतं तेच तर त्यांना मारत होतं. तांबं वाचवलं आणि जहाज हळू झालं. दोनशे वर्षं झाली, अजूनही तळाच्या रंगाचा सगळा प्रश्न याच ओढाताणीचा आहे. मधे टीबीटी नावाचं रसायन रंगात घालत, ते शिंपल्यांवर इतकं जालीम निघालं की समुद्रातले बाकीचे जीवही बिघडायला लागले, शेवटी २००८ पासून जगभर त्यावर बंदी आली.

आता माझं स्वतःचं काम, जाडी मोजणं. वावेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, काठावर उभं राहून टाळी वाजवली की खालून प्रतिध्वनी येतो, आवाजाचा वेग माहीत असेल आणि परत यायला किती वेळ लागला ते मोजता आलं तर वाव किती खोल आहे ते कळेल, अल्ट्रासोनिक गेज तेच करतो. पोलादात आवाज सेकंदाला साधारण ५,९०० मीटर धावतो. १६ मिलिमीटरचा पत्रा असेल तर बाहेरून गेलेला आवाज आतल्या बाजूला आपटून परत यायला साधारण ५.४ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले साडेपाचसुद्धा नाही. इथपर्यंत रिफायनरीतली टाकी आणि जहाज सारखंच.

फरक रंगाचा आहे. टाकीवर आपण एवढासा रंग खरवडून मोजतो, पण समुद्रात डायव्हरने रंग खरवडला की तिथूनच गंज सुरू, परत लावणार कोण? रंगावरूनच मोजलं तर काय होतं बघा, रंगात आवाज खूप हळू चालतो, पोलादाच्या निम्म्याहूनही कमी वेगाने, त्यामुळे १ मिलिमीटर रंग गेजला अडीच मिलिमीटर पोलाद वाटतं. म्हणजे चूक होते तीही धोक्याच्या बाजूला, झिजलेला पत्रा जाड दिसतो. म्हणून पाण्याखाली मल्टिपल एको गेज वापरतात. आवाज पत्र्याच्या आत एकदा नाही, दोन-तीनदा मागे-पुढे आपटतो, पहिला एको रंगातून गेलेला असतो पण पहिल्या आणि दुसऱ्या एकोमधलं अंतर हे निव्वळ पोलादाचं असतं, गेज तेवढंच धरतो. तीन एको जुळले नाहीत तर आकडाच दाखवत नाही, आणि चुकीचा आकडा दाखवण्यापेक्षा ते हजार पटीने बरं. डायव्हर प्रोब धरतो, आकडा वर माझ्यासमोर उमटतो. खरं सांगायचं तर जिथे टाकीत आतून जाता येतं तिथली बहुतेक जाडी आतूनच मोजतात, कोरड्यात, ते सोपं आणि स्वस्त. पाण्याखाली फक्त जिथे आतून पोचता येत नाही किंवा संशय आहे तिथलीच घेतात.

भेग शोधायची असेल तर वेगळी साधनं आहेत. चुंबकीय पावडरची तपासणी पाण्यातही होते, चकाकणारी शाई वेल्डवर सोडायची, भेग असेल तर रेघ उमटते, पण त्यासाठी पत्रा उघडा करायला लागतो. एसीएफएम म्हणून दुसरी पद्धत आहे, पत्र्यात विद्युतप्रवाह निर्माण करायचा आणि भेगेपाशी तो कसा वळतो ते वाचायचं, ती रंगावरून चालते. मला तीच बरी वाटते.

शिंपल्यांबद्दल थोडं बोललंच पाहिजे, कारण तपासणीआधी तळ साफ नसेल तर दिसणार काय. आणि साफ नसण्याचा तोटा आपल्याला वाटतो त्याहून फार मोठा आहे, अर्ध्या तळावर नुसता अर्धा मिलिमीटर बुळबुळीत थर असला तरी जहाजाचा धूर पाव भागाच्या आसपास वाढू शकतो असं आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने अभ्यास करून मांडलंय, शिंपले चढले की तर आणखी. पण बंदरात उभं राहून खसाखसा घासता येत नाही. कडक ब्रशने रंगही निघतो, त्यातलं विष पाण्यात जातं, आणि जे जीव निघतात ते परदेशातून आलेले असतात. मध्य अमेरिकेकडचा एक काळपट पट्ट्यांचा छोटा शिंपला १९६० च्या दशकात विशाखापट्टणमच्या बंदरात सापडला आणि मग तिथेच ठाण मांडून बसला, तोच १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनला पोचला तेव्हा त्यांनी अख्ख्या मरीना बंद करून रसायनं ओतून त्याला संपवला. म्हणून आता कितीतरी बंदरांत घासलेली घाण शोषून गाळून घेणारं यंत्र असेल तरच सफाईची परवानगी मिळते. मला हा नियम सगळीकडे व्हावा असं मनापासून वाटतं, आपल्याकडेही.

आणि डायव्हर. वर बसून काम करणाऱ्या आम्हा लोकांना हे कायम डोक्यात ठेवावं लागतं की खाली माणूस आहे. त्याला हवा वरून नळीतून जाते, त्याच नळीच्या जुडग्यात फोन, कॅमेऱ्याची वायर आणि खोली मोजायची नळी. दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो, त्यामुळे किती वेळ खाली राहायचं ते डायव्हिंगचे तक्ते बघून ठरलेलं असतं. पण या कामात दाबापेक्षाही मला भीती वाटते ती जहाजाची. पाणी ओढणाऱ्या तोंडापाशी डायव्हर असताना वर कुणी पंप चालू केला तर तो माणूस जाळीला चिकटतो आणि कितीही ताकद लावली तरी सुटत नाही. प्रोपेलर फिरला तर बोलायलाच नको. म्हणून इंजिन सुरू करणारी दाबाची हवा (स्टार्टिंग एअर) बंद, पंप बंद, जहाज आडवं ढकलणारे थ्रस्टर बंद, तळाला वीज देणारी गंजरोधक यंत्रणा बंद, सगळ्या स्विचला कुलूप आणि चिठ्ठी, आणि चावी डायव्हिंग सुपरवायझरच्या खिशात. जहाजावर पांढरा-निळा शेपटीसारखा कापलेला झेंडा चढतो, म्हणजे डायव्हर खाली आहे, लांबून आणि हळू जा. प्रोपेलरचं चौथं पातं बघायला शाफ्ट थोडा फिरवायला लागला तर आधी डायव्हर वर येतो, हजेरी होते, मग फिरवतात, मग परत कुलूप. यात वेळ जातो आणि मालकाचा माणूस घड्याळाकडे बघत राहतो, त्याला बघू दे. एवढी एक गोष्ट घाईने करायची नाही.

माणूस खाली पाठवण्याऐवजी आता आरओव्ही येतायत, दोरीला बांधलेले छोटे यंत्रमासे म्हणा, वर बसून चालवायचे. त्यांना दमायला होत नाही, सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी बघणारं यंत्र, लावलं तर गढूळ पाण्यातही आकार दिसतो, आणि काही तर चुंबकाच्या चाकांनी थेट पत्र्यावर चालतात, चालता चालता जाडी मोजतात. त्यांच्या कंपन्यांनाही क्लासची मंजुरी लागतेच. सरळ सपाट तळासाठी ते उत्तम, मी तर म्हणेन तिथे माणूस पाठवूच नये. पण रडरच्या मागच्या फटीत फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सरकवणं, प्लग काढून परत बसवणं, हे अजून हातालाच जमतं.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ड्राय डॉकमध्ये जहाज ज्या ठोकळ्यांवर बसतं त्या ठोकळ्यांखालचा पत्रा दिसत नाही आणि रंगवलाही जात नाही, म्हणून पुढच्या वेळी ठोकळे सरकवून मांडतात. पाण्याखाली ठोकळेच नसतात, तळ पूर्ण मोकळा. तिथे पाण्यातली तपासणी उजवी ठरते. पण रंग नवा मारायचाय, पत्रा बदलायचाय, शाफ्ट बाहेर काढायचाय तर डॉकच. आणि पाण्याखाली काही गंभीर सापडलं, म्हणजे भेग, सैल झालेलं रडर, तर सर्व्हेअरला तिथेच सांगायचा पूर्ण अधिकार असतो की ही तपासणी मी मान्य करत नाही, जहाज डॉकला घ्या. तसं झालं की सगळा वाचवलेला वेळ जातो. मालकाला ते आवडत नाही हे उघडच आहे, पण तो अधिकार नसता तर या पद्धतीवर कुणी विश्वास ठेवला नसता.

बडोद्यात एनडीटी, म्हणजे वस्तू न तोडता तपासणी, शिकणारी खूप मुलं-मुली आहेत, मकरपुऱ्याच्या, नंदेसरीच्या कंपन्यांत त्यातली लेव्हल टू परीक्षा करून लागतात, त्यातली काही जण मला विचारतात की ताई, पोहता येत नाही तर या क्षेत्रात येता येईल का. येईल. सीस्विप नावाच्या प्रमाणपत्रांमध्ये ३.१यू आणि ३.२यू ही डायव्हरची, पण ३.४यू म्हणून एक आहे ते इन्स्पेक्शन कंट्रोलरचं, म्हणजे वर कंटेनरमध्ये बसून डायव्हर किंवा आरओव्हीकडून तपासणी करून घेणारा, डेटा वाचणारा आणि रिपोर्ट लिहिणारा माणूस. अल्ट्रासोनिक पक्कं करा, वेल्डिंगचे दोष ओळखायला शिका, जहाजाचं ड्रॉइंग वाचायला शिका, आणि रिपोर्टमध्ये जे दिसलं तेवढंच लिहायची सवय आतापासून लावून घ्या, कारण जिथे दिसलं नाही तिथे "दिसलं नाही" असंच लिहावं लागतं, आणि मग सर्व्हेअर डायव्हरला परत तिथे पाठवतो.